घरच्या बायकांचा गंधार

लोह्याच्या पुढं रस्ता उकरून ठेवलेला होता. तिथं गाडीनं असा हिसका दिला, की पारूबाईंच्या मांडीवरच्या पेटीनं चादरीच्या आतूनच एक बारीक सूर काढला. पारूबाईंनी घाईघाईनं तिच्यावर हात ठेवला, झोपेत दचकलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवतात तसा.

"काही होत न्हाई तिला," गाडी चालवता चालवता त्यांचा भाऊ शेषेराव म्हणाला. "अण्णांनी केलेली हाय ती. आपन मोडू, ती मोडायची न्हाई."

अण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, ती काही केलेली नव्हती. हैदराबादेहून विकत आणली होती आणि मग धर्माबादच्या घरी ओसरीवर बसून, आतल्या पितळी पट्ट्या एकेक काढून, बारीक कानशीनं घासून घासून आपल्या गळ्याला जुळवून घेतली होती. पण देविदासअण्णा गेल्यापासून त्यांची कामगिरी दरवर्षी थोडी थोडी वाढत चालली होती. आणखी काही वर्षांनी पेटीचा शोधच त्यांनी लावला, असं ठरायला हरकत नव्हती.

"मग ठरलं न्हवं अक्का?" शेषेरावनं विचारलं. "लातूरचा पेटीवाला संध्याकाळी भागवतच्या घरी येऊन राहिलाय. यंत्रावर एकदा सगळे सूर नीट लावून घेऊ. कुठूनबी गा, कुनीबी गा."

"हाव," पारूबाई म्हणाल्या.

कुणालाही हो, म्हणजे हाव, म्हणायची त्यांना जुनी सवय होती. कालच धाकट्या भावाचा, भागवतचा, लातूरहून फोन आला होता, की अण्णांच्या हातानं घासलेल्या सुरांना कुणी यंत्र लावायचं नाही, तू तेवढं सांभाळ. त्यालाही त्या हावच म्हणाल्या होत्या. आणि त्याच्या आदल्या दिवशी भागवतच्या बायकोचा, रुक्मिणबाईंचा फोन आला होता, हळू आवाजात, बहुतेक मोरीतून. माझ्या पोरीनं, ज्ञानेश्वरीनं, दिवाळीपासून तंबोऱ्याची गवसणी काढलेली नाही, अक्का, तुम्ही सांगितलं तरच हे तिला पुन्हा पेटीपुढं बसवतील. हाव. असे तीन हाव एका पिशवीत भरून पारूबाई लातूरला निघाल्या होत्या, आणि अहमदपूर मागं पडलं तरी त्यातला कोणता आधी बाहेर काढायचा, हे त्यांचं ठरलं नव्हतं.

रविवारी अण्णांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण होत होती. त्यासाठी भागवतनं लातुरात एक सभागृह घेतलं होतं आणि पत्रिकेवर 'देविदासअण्णांचं घराणं' असं छापलं होतं. घराणं कसलं, धर्माबादचं एक भजनी मंडळ. त्याची सगळ्यात मोठी मैफल म्हणजे एका जिनिंग मिलमधली सत्यनारायणाची पूजा, आणि तिथंही प्रसाद वाटायला लागले तसे निम्मे श्रोते उठले होते. पण घरात एक रीत होती, तिच्यामुळं सगळ्यांना आपलं घराणं आहे असं वाटायचं. अण्णांच्या नावानं चारचौघांत गायचं असेल, तर आधी त्यांच्या पेटीपुढं बसावं लागे. सा, गंधार, पंचम आणि वरचा सा, एवढंच. पेटी सूर देणार, गाणाऱ्यानं तो लावायचा आणि घरातल्या वडीलधाऱ्यानं मान हलवायची. गंधार जुळला तर गायचं, नाही तर टाळ घ्यायचे.

पुरुषांचा जुळायचा. बायकांचा उतरायचा.

यात कधी चुकून फरक पडला नव्हता. पारूबाईंच्या आईचा उतरला. पारूबाईंचा उतरला. इस्लापूरजवळ दिलेल्या धाकट्या बहिणीचा, सरजाबाईचा, तर इतका उतरला, की अण्णांनी पंचमापर्यंत जाऊच दिलं नाही. "पोरी, बाकी सगळं झ्याक हाय," अण्णा पारूबाईंना म्हणाले होते, तेव्हा त्या परकर नेसायच्या वयात होत्या. "गंधार तेवढा उतरतो. मायकडून आलंय तुझ्यात." आई आत भाकरी थापत होती. तिनं ते मान्य केलं. आपल्या माहेरी सगळ्यांची नाकंही बसकी आहेत, असं ती वर म्हणाली.

त्यानंतर घरानं त्याची कारणं शोधली. कुणी अंबाडीच्या भाजीवर ढकललं, कुणी गोदावरीच्या पाण्यावर. पारूबाईंनी तर पुढं ते दुखणं दागिन्यासारखं मिरवलं. सासरी कुणी मंगळाष्टक म्हणायला सांगितलं, की त्या पदर सावरून म्हणायच्या, "न्हाई बाई, आमच्यात गंधार उतरतो." एका शेजारणीनं कळवळून विचारलं होतं, याला ऑपरेशन होत नाही का. पारूबाईंनी गंभीरपणानं सांगितलं होतं, की नाही, हे रक्तातच असतं.

आणि म्हणूनच पेटी त्यांच्याकडं आली. दोघा भावांत भांडण नको म्हणून अण्णांनी ती थोरल्या लेकीकडं ठेवली. गाता न येणाऱ्या माणसाकडं ती सुखरूप राहील, असा त्यांचा विचार होता.

दिवाळीत भागवतनं ज्ञानेश्वरीला नांदेडला पारूबाईंच्या घरी आणून त्या पेटीपुढं बसवलं. ती त्याची एकुलती एक लेक, लहानपणापासून त्याच्याच हाताखाली तंबोऱ्यावर शिकलेली, बाहेर दोन-चार ठिकाणी बक्षिसं घेतलेली. सा लागला. गंधार उतरला. भागवतनं पुन्हा सूर दिला. पुन्हा उतरला. मग त्यानं पारूबाईंकडं पाहिलं. पारूबाईंनी मान हलवली ती आडवी, आणि घरच्या बायकांचं जुनं नशीब एका पिढीनं पुढं सरकलं. रविवारच्या पत्रिकेवर पोरीचं नाव आलं नाही.

लातूरला पोचल्यावर जेवणं होईपर्यंत कुणी पेटीचा विषय काढला नाही. शेंगाची चटणी कुणी केली, पाणी आता किती दिवसाआड येतं, शेषेरावची साखर किती आहे, हे सगळं झालं. ज्ञानेश्वरीनं वाढलं आणि ती जेवायला बसली नाही. "मी मागून जेवीन आत्या," एवढंच म्हणाली. तोंडावर राग नव्हता. राग असता तर पारूबाईंना बरं वाटलं असतं.

मग बैठकीत पेटीवरची चादर काढली, आणि दोघं भाऊ तिच्या दोन बाजूंना बसले.

शेषेराव विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला होता. निवृत्त झाला तरी मोजायची खोड गेली नव्हती. त्याच्या फोनमध्ये सूर दाखवणारा काटा होता. त्या काट्यावर त्यानं नांदेडात कुकरची शिटी मोजली होती, कोपऱ्यावरच्या देवळातली घंटा मोजली होती, आणि घरातलं मिक्सर कोमल आणि शुद्ध निषादाच्या मधोमध अडकलंय, असं सुनेला सांगून तिला बेजार केलं होतं. त्यानं फोन पेटीवर ठेवला, काळी एकला, म्हणजे अण्णांच्या पट्टीला, सा धरला आणि गंधार दाबला. काटा मधल्या रेघेच्या अलीकडंच थांबला.

"बघ. उतरलेला हाय. अण्णांचा गंधार उतरलेला हाय."

भागवत हसला. लातुरात त्याचा गाण्याचा क्लास आहे, त्यामुळं हसणं त्याला वर्गातल्यासारखंच येतं. तो उठून आपला मोठा तंबोरा घेऊन आला, काळी एकला लावलेला, आणि खर्जाची तार छेडून म्हणाला की ऐक. ती तार नीट लागली की तिच्या पोटातून गंधार आपोआप निघतो, कुणी न छेडता. निसर्गाचा गंधार तो. अण्णांनी तोच ऐकून पट्टी घासली. तुझा काटा ज्या रेघेवर थांबायला पाहिजे म्हणतो, तो गंधार चढा आहे, कारखान्यातला आहे.

"आता गप ऐक," शेषेराव म्हणाला. "सप्तकाचे बारा सारखे भाग. मग सा कुठंबी धर, अंतर तेच. एसटीच्या सीटासारखं हाय. सगळ्यांना जरा जरा अडचण, पन बसायला सगळ्यांना."

"म्हंजी धड कुनालाच न्हाई."

"अन् तुझ्या गाडीत एकटाच मानूस पाय पसरून बसलेला. बाकीचे उभे."

हे दोघं भांडायला लागले की पारूबाईंना मनातून फार बरं वाटायचं. घर भरल्यासारखं वाटायचं. पण आज भांडण त्यांच्यावर येऊन थांबणार, हे त्यांना दिसत होतं, आणि ते आलंच. अक्का मला गाडीत हाव म्हणाली, असं शेषेराव म्हणाला. मला काल फोनवर हाव म्हणाली, असं भागवत म्हणाला. दोघांनी त्यांच्याकडं पाहिलं. पारूबाईंनी पाणी मागितलं.

पाणी घेऊन रुक्मिणबाई आल्या आणि परत गेल्या नाहीत. एरवी त्या नवऱ्याच्या बाजूच्या. घराण्याचं नाव निघालं की बाजूच्या खोलीतून हुंकार द्यायच्या. आज त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि शेषेरावकडं बघून म्हणाल्या, "भाऊजी, लावाच तुमचं यंत्र. त्या पेटीपायी पोरगी बोलायची बंद झालीय माझी."

भागवतला हे अपेक्षित नव्हतं. पेटीचा आणि पोरीचा काय संबंध, असं तो म्हणाला. पोरीचा गंधार उतरतो, तो पेटी बदलून चढणार आहे का. ताप मोजायची नळी फोडून ताप जात नाही. आणि हवं तर आत्ता अक्कासमोर पुन्हा बसवू. अक्काचा कान आहे. अण्णा गेल्यावर या घरात कान तिचाच.

"त्या कानात बॅटरी हाय," शेषेराव म्हणाला.

ते खरं होतं. ते ऐकू यायचं यंत्र त्यानंच नांदेडात घेऊन दिलं होतं. चांगलं होतं, महागाचं होतं, हुशार तर इतकं, की कोणता आवाज ऐकण्यासारखा आहे हे परस्पर ठरवायचं. चमचा पडला तर पारूबाईंच्या डोक्यात वीज पडायची. पण जो आवाज एकसारखा चालतो, तो म्हणजे पंखा किंवा मोटर, असा त्याचा समज होता, आणि असा आवाज ते हळूच कमी करून टाकायचं. भागवत तंबोरा छेडत होता तेव्हा पारूबाईंना पहिल्यांदा टणत्कार ऐकू आला आणि मग तंबोरा विरून गेला. सगळं घराणं ज्या नादावर उभं आहे, त्याला त्यांच्या कानातल्या डबीनं पंखा ठरवलं होतं. हे सांगण्याची त्यांची छाती झाली नाही. त्या डोळे मिटून डोलत राहिल्या. डोलणं त्यांना चांगलं जमायचं.

"बसवा पोरीला," त्या म्हणाल्या. तीन हावांपैकी हा एक तरी फेडला जाणार होता.

ज्ञानेश्वरी आली. बायकांची पट्टी या घरात काळी पाच, म्हणजे अण्णांच्या सा पासून बरंच वर. तिचा स्वतःचा लहान तंबोरा त्याच पट्टीला लावलेला असायचा. पेटीपुढं आजवर कुणी तंबोरा घेऊन बसलं नव्हतं. रीतीप्रमाणं पेटी एकटीच पुरे होती. पण आज भागवतला शेषेरावपुढं निसर्ग सिद्ध करायचा होता. त्यानं स्वतः गवसणी सोडली, तारा लावल्या आणि तंबोरा पारूबाईंच्या हातात दिला. "तू छेड अक्का. मी पेटी धरतो."

पोरीनं सा लावला. भागवतनं गंधाराची पट्टी दाबली. पोरीनं गंधार लावला, आणि पारूबाईंना दिवाळीत ऐकू आलं होतं तेच पुन्हा ऐकू आलं. पेटी वर, पोरगी खाली. भागवतनं पट्टी सोडली नाही. पोरीनं डोळे मिटून सूर वर ओढला, पेटीला कसाबसा चिकटवला, आणि तो तिथं राहिना. एक पाय आखूड असलेल्या खुर्चीवर बसल्यासारखा तो हलत होता.

"झालं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "आता उठू का बाबा?"

ती रडली असती तर पारूबाईंनी तिला जवळ घेतलं असतं. ती नुसती उठायला लागली, भांडी घासायची राहिलीत अशी. तिला थांबवायला काही तरी करायला पाहिजे होतं, आणि पारूबाईंना सुचलं ते विनोद करायचं. घरच्या बायकांचा गंधार किती झकास उतरतो, ते आपण गाऊन दाखवावं. तीन पिढ्यांचा नमुना ऐकून पोरगी निदान हसेल.

"बस," त्या म्हणाल्या. "तुझा काय उतरतो, माझा बघ. लावून धर रे भागवत तुझी पेटी."

कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं होतं. त्यांनी ते काढून चष्म्याच्या घरात ठेवलं. लगेच बैठक दूर गेली. शेषेरावचं तोंड हलत होतं, पण त्यातून काही येत नव्हतं. पेटीचा भाता हलताना दिसत होता आणि पेटी मुकी होती. पारूबाईंनी तंबोरा छेडला आणि लहानपणी अण्णांचा तंबोरा धरायच्या सवयीनं त्याच्या दांड्याला गाल टेकवला, जबड्याचं हाड लाकडाला लागेल असा.

आणि तंबोरा आला. कानातून नाही, दातांतून आला. गालफडातून, कपाळातून आला. किती वर्षांत तो त्यांना असा सापडला नव्हता. आत कुणी तरी मोठं माणूस शांतपणे बोलत होतं. त्या बोलण्याच्या पोटात, ज्याला कुणी छेडलेलं नव्हतं असा एक सूर मधाच्या थेंबासारखा लोंबत होता. पारूबाई विनोद करायचा विसरल्या. त्यांनी तोंड उघडलं आणि त्या थेंबाला आपला आवाज लावला. म्हातारा, जरा खरबरीत आवाज. तो लागला, आणि लाकूड आणि हाड एकच झालं.

त्यांनी तो सूर धरून ठेवला. सोडायला कुणी सांगत नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं.

डोळे उघडले तेव्हा त्यांना दिसलं, की ज्ञानेश्वरीनं बापाचा हात मनगटाला धरून पेटीवरून उचललेला आहे. भागवत तो हात सोडवून घेत नव्हता. रुक्मिणबाई दारातून आत आल्या होत्या आणि शेषेराव चक्क फोन खाली ठेवून बसला होता. पारूबाईंना वाटलं, फारच वाईट झालं वाटतं. त्यांनी यंत्र कानात घातलं.

"किती उतरला?" त्यांनी विचारलं.

ज्ञानेश्वरी म्हणाली, "आत्या, तुमचा बरोबर होता. पेटी चढी होती. लई चढी."

"अण्णांची पेटी?"

शेषेरावनं भागवतला बाजूला सारलं. त्यानं काळी एकपासून सा आणि गंधार वाजवला, मग काळी पाचपासून वाजवला, पुन्हा काळी एकपासून. आता फोनचा काटा कुणाला बघावा लागला नाही. पहिला गंधार गुळगुळीत, दुसरा उंबऱ्याला ठेच लागल्यासारखा. जे झालं ते इतकं साधं होतं, की ते कुणी मोठ्यानं बोलायला तयार होईना. अण्णांनी सगळ्या पट्ट्या घासल्या त्या आपल्या सा ला धरून. त्यांच्या जागेवरून प्रत्येक सूर शुद्ध होता. दुसऱ्या जागी सा धरला, की त्याच शुद्ध सुरांची आपसांतली अंतरं चुकत होती. काळी एकवर जो अण्णांचा कोमल रिषभ, तोच काळी पाचवर बायकांचा गंधार व्हायचा, आणि तो बराच वर बसलेला होता. म्हणजे घरातल्या बाया खऱ्या गंधाराला जाऊन थांबायच्या, आणि पेटी तिथून पुढं बसलेली असायची.

"हे तुला मालूम असाया पाहिजे होतं," शेषेराव भागवतला म्हणाला. "क्लास तू घेतोस."

"तुला बी. काटा तुझ्याकडं हाय."

"मी काळी एकवरच मोजत होतो."

"मी बी तिथंच ऐकत होतो," भागवत म्हणाला. मग पेटीकडंच बघत, लेकीकडं नाही, तो म्हणाला, "दिवाळीत मला ऐकू आलं होतं. पोरगी बरोबर वाटली होती. पन पेटी अण्णांची."

"मग मला का न्हाई सांगितलं बाबा?"

भागवतनं पेटीचा भाता उगाच बंद करून घेतला. वर्गात त्याला कुणी असं विचारत नसे.

पारूबाई हसायला लागल्या. आधी बारीक, मग पदर तोंडाला लावून, मग उघड. आयुष्यभर जपलेलं दुखणं डॉक्टरांनी तपासून, हे तुम्हाला नव्हतंच, असं सांगावं, तसं झालं होतं. अंबाडीची भाजी उगाच बदनाम झाली. आईच्या माहेरची नाकं उगाच मधे आली. आई म्हशीची धार काढताना गायची. चरवीत दूध पडत असायचं आणि तिचा गंधार गोठ्यात असा सरळ उभा राहायचा, की म्हैस कान हलवायची थांबायची. पेटी ओसरीवर होती, गोठा मागं होता. परीक्षा ओसरीवर व्हायची. हसता हसता पारूबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसण्याचंच आहे, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

सूर सापडला तरी भांडण मिटलं नाही. मिटलं असतं तर ते हे घर नसतं. शेषेराव म्हणाला, सिद्ध झालं, आता यंत्रावर लावू, सगळे सारखे. भागवत म्हणाला, मुळीच नाही. चूक शुद्ध सुरांची नाही, जागेची आहे. आपण सगळ्या पट्ट्या पुन्हा घासून घेऊ, काळी पाचला धरून, पोरीच्या सा ला. रविवारी ती त्यावर गाईल. तेवढ्यात रुक्मिणबाई म्हणाल्या, "म्हंजी रविवारपासून तुमचा गंधार बिघडणार."

भागवत थांबला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बिघडू द्या की," रुक्मिणबाई म्हणाल्या. "तुमच्या मायकडून आलंय म्हणू."

शेषेराव इतका हसला की त्याला ठसका लागला. भागवतही शेवटी हसला, जरा कडू, पण हसला. मग दोघं पारूबाईंकडं वळले, कारण पेटी त्यांची होती आणि दोघांनाही त्यांनी हाव म्हटलेलं होतं.

पारूबाईंनी पेटीकडं पाहिलं. या वयात त्यांना अण्णांचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण दिसलं ते हे, की एक माणूस ओसरीवर कानस घेऊन बसलाय, स्वतःच्याच गळ्याला धरून सबंध जग नीट लावतोय आणि लागलं म्हणून खूश होतोय. त्यात त्यानं कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. दुसऱ्या गळ्याचा त्यानं विचारच केला नव्हता, इतकंच.

"तिला कुनी हात लावू नका," त्या म्हणाल्या. "ती अण्णांची हाय, अण्णांसारखीच राहू दे. भागवत गाईल तवा वाजवा. पोरगी गाईल तवा भाता बंद. तंबोरा हाय की. अन् आजपासून कुनी कुनाला तिच्यापुढं बसवायचं न्हाई. मी बी मान हलवायची न्हाई."

भागवतनं पेटीवर चादर टाकली. संध्याकाळी पेटीवाला आला. त्याला चहा-पोहे दिले आणि पेटी उघडूही न देता परत पाठवलं. घराण्याची माणसं अशीच असतात, असं काहीसं पुटपुटत तो गेला.

तो गेल्यावर भागवत लेकीजवळ जाऊन बसला. बराच वेळ तंबोऱ्याच्या खुंट्या उगाच पुसत राहिला. रविवारी पहिलं तू गा, असं तो म्हणाला. माझं मी मागून बघतो. पत्रिकेवर नाव नाही तर स्टेजवरून सांगू.

ज्ञानेश्वरीनं त्याला लगेच सोडलं नाही. "विचार करते," म्हणाली, आणि त्याला तेवढा वेळ तिथंच बसू दिलं. मग म्हणाली, "गाईन. पन पहिलं आत्या. एक अभंग. मग मी."

"छ्या," पारूबाई म्हणाल्या. "मी काय गाते. आमच्यात गंधार..."

ते वाक्य त्यांच्या तोंडात आपोआप आलं होतं, आणि तोंडातच अडकलं. त्यांनी सगळ्यांकडं पाहिलं. सगळे वाट पाहत होते. इतकी वर्षं त्या वाक्याच्या आडोशाला त्या किती निवांत बसल्या होत्या, हे त्यांना आत्ता कळलं. कुणी गायला सांगितलं की आडोसा तयार. आता कुणी तरी ती कुडाची भिंतच काढून नेली होती आणि समोर नुसतं मैदान होतं.

"उगं मोठ्या मान्साची मस्करी," त्या पुटपुटल्या. पण यंत्र काढलं, चष्म्याच्या घरात ठेवलं आणि तंबोऱ्याला गाल लावला. अण्णा पहाटे म्हणायचे तो अभंग त्यांनी म्हटला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. चारचौघांत, आयुष्यात पहिल्यांदा. मधे दम लागला, तिथं थांबल्या. एक चरण विसरल्या, तिथं नुसताच सूर लावला.

संपल्यावर यंत्र घातलं. भागवत डोळे मिटून बसला होता, क्लासमध्ये बसतो तसा. त्यानं डोळे उघडले.

"गंधार बरोबर हाय, अक्का. एकदम बरोबर."

"अन्?"

"अन् काही न्हाई."

"भागवत, तुझं तोंड मला लहानपनापासून मालूम हाय. अन् काय?"

रुक्मिणबाई त्याला डोळ्यांनी गप करत होत्या. पण शिकवणाऱ्या माणसाला ते जमत नाही. "पंचम," तो खाली बघून म्हणाला. "पंचम जरा उतरून राहिलाय."

पारूबाईंनी मान वळवून कोपऱ्यात पाहिलं.

"पेटी बंद हाय न्हवं?"

"बंद हाय."

"तंबोरा नीट लागलाय?"

"मीच लावलाय."

"मंग तो पंचम माझा हाय," पारूबाई म्हणाल्या. "माझा सोताचा. तो मायकडून न्हाई आलेला."

"न्हाई. तुझाच हाय."

पारूबाई समाधानानं नीट सावरून बसल्या, पाठ ताठ केली आणि तंबोरा पुन्हा गालाला लावला.

"चल मंग," त्या म्हणाल्या. "पंचमापासून घे. रविवार जवळ आलाय."